बर्फाखालच्या खोलीतली हवा

५ जून

खोली एकदाची उबदार झाली. बर्फात खणलेल्या लांब खंदकाच्या टोकाला आमची ही लाकडी खोली. डोक्यावर दोन पुरुष बर्फ, बाहेर खंदकात उणे वीस, आणि आत केरोसिनच्या शेगडीच्या कृपेने मी नुसत्या स्वेटरवर बसून हे लिहिते आहे.

काम गेल्या वर्षीचंच. खोलातून वर काढलेल्या बर्फाची कापलेली कांडी तापलेल्या तबकडीवर उभी करायची. ती खालून वितळत जाते, आत अडकलेले हवेचे बुडबुडे सुटतात, बारीक नळीतून यंत्रात जातात, आणि यंत्र सांगतं की नऊ हजार वर्षांपूर्वीच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड किती होता. एक अब्ज भागांत साठच्या आसपास असायला हवा. गेल्या वर्षी माझे आकडे ऐंशी-नव्वद आले, आणि परीक्षकांनी 'नमुने बाटलेले आहेत' असं एका ओळीत लिहून माझा अख्खा उन्हाळा तोंडावर फेकला. बाटलेले म्हणजे त्यात आजची हवा शिरलेली. यंदाही तसंच झालं तर विद्यापीठातली जागा गेली. मग गावी युलंडला परत जाऊन भावाच्या गाई धुवायच्या.

म्हणून आज मी हात धुऊन या खोलीच्या मागे लागले. भिंतीत एक झडप आहे, तिच्यातून वरच्या जनरेटरचा धूर आत येतो. तिच्यावर जाड लोकरीचा नमदा ठोकला, वर चिकटपट्टी. दाराच्या फटींना रबर लावलं. पट्टी धरून उभा असलेला प्रेबेन म्हणाला, "आता इथे डाससुद्धा शिरायचा नाही."

"इथे डास कुठून येणार?"

"तेच म्हणतोय. यशस्वी झालीस."

प्रेबेन एकसष्ट वर्षांचा. तीस उन्हाळे त्याने या बर्फावर काढलेत. बर्फ कापायची करवत माझ्या हातात पहिल्यांदा त्यानेच दिली. बायको, एबा, दीड वर्षापूर्वी गेली. पोरी म्हणत होत्या, बाबा, आता पुरे. तरी आला. विमानात मला म्हणाला, "घरात फार शांतता आहे गं." शांततेला कंटाळून ग्रीनलंडच्या बर्फावर आलेला माणूस मी तरी पहिलाच पाहिला.

८ जून

एकसष्ट. साठ. बासष्ट. पुन्हा साठ. इतकं सुंदर मी या वर्षात काही वाचलेलं नाही. डोकं थोडं ठणकतंय. उंचीमुळे असणार.

१२ जून

भिंतीवरचा गॅसचा अलार्म सकाळपासून बोंबलत होता. त्या आवाजात धड विचारही सुचेना. शेवटी प्रेबेन स्टुलावर चढला, आतला सेल काढला आणि खिशात टाकला. "थंडीत यांचं डोकं फिरतं," म्हणाला. "दर वर्षी एखादा असा निघतोच." मी त्याचे आभार मानले.

आकडा मात्र चौऱ्याण्णव. नळीचे सगळे सांधे सोडवून पुन्हा आवळले. तरी चौऱ्याण्णव. कुठेतरी केसाएवढी फट असणार.

संध्याकाळी बोडिल, आमच्या तळाची डॉक्टरीण, तपासायला आली. बोटाला चिमटा लावला. "अठ्ठ्याण्णव टक्के ऑक्सिजन. बैलासारखी ठणठणीत आहेस. झोप? भूक? डोकेदुखी?" मी म्हटलं, काही नाही. इथे ज्याच्या नावापुढे डॉक्टरने काट मारली तो पुढच्या विमानाने घरी. डोकेदुखीपायी मी काही घरी जाणार नाही.

१३ जून

शनिवार. शनिवारी इथे टाय लावूनच जेवायला बसायचं, हा तळाचा नियम. महिनाभर अंघोळ न केलेली माणसं टाय लावून हेरिंग मासे खाताना जी दिसतात ती दिसतात. प्रेबेनच्या टायवर बदकं आहेत, एबाने आणलेला.

अक्कालुक जनरेटर सांभाळतो, इथल्याच किनाऱ्यावरच्या इलुलिसाट गावचा आहे. दोन पेल्यांनंतर तो किव्हित्तोकच्या गोष्टी सांगायला लागला. घरच्यांवर रुसून जो बर्फावर निघून जातो तो किव्हित्तोक. तो मरत नाही आणि परतही येत नाही, नुसता हिंडत राहतो. "तुमच्या खंदकाच्या छपरावर कोणी चालताना ऐकू आलं, तर घाबरू नका. कॉफी विचारा," म्हणाला.

प्रेबेनने अगदी गंभीरपणे विचारलं, "तो रुसलेलाच असावा लागतो का? नुसताच निघून गेलेला असला तर?"

"नुसता निघून गेलेला म्हणजे मेलेला, प्रेबेन."

सगळे हसले. प्रेबेनही हसला, जरा उशिराने.

१६ जून

दोनशे दहा.

नळी नवी घातली. नळी जुनी परत घातली. यंत्राला शिव्या घातल्या. समजा, खोलीतली हवा फटीतून आत शिरतेय. पण खोलीतल्या हवेत असून असून किती असणार? शंभर-सव्वाशे. ती कितीही मिसळली तरी आकडा दोनशेवर जाऊच शकत नाही. म्हणजे फट नाही. मग हे येतंय कुठून?

आणखी एक गोष्ट, जी मी फक्त इथेच लिहिणार. दुपारी छपरावर कोणीतरी चालत होतं. तसं चालणारे पुष्कळ आहेत. पण वर मऊ बर्फ आहे, आणि हा आवाज लाकडी जोड्यांचा होता. टक, टक, टक, आणि मग दाराशी येऊन तळवे खरवडल्याचा. माझे वडील गोठ्यातून आले की असेच दाराशी थांबून शेण खरवडायचे. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली.

मी प्रेबेनकडे पाहिलं. तोही मान वर करून ऐकत होता. मग कामाला लागला. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो "काय आवाज?" म्हणाला असता, तर मी काय केलं असतं?

१७ जून

बुधवार आहे, आणि प्रेबेन टाय लावून कामाला आला. बदकांचा. "आज काय विशेष?" म्हटलं, तर "काही नाही" म्हणाला आणि कॉफीचे तीन मग काढले. मला वाटलं अक्कालुक येणार असेल. तो आला नाही. तिसऱ्या मगातली कॉफी गार झाली, ती प्रेबेनने ओतून टाकली आणि तो मग फार जपून विसळला.

बिचारा थकलाय. वय झालं.

२० जून

चारशे तीस, आणि मला कारण सापडलं!

बर्फात धूळ असते, जुन्या जंगलांची राख असते, आणि त्यातून हा गॅस बर्फाच्या पोटातच, हजारो वर्षं सावकाश तयार होत राहतो. असं थोडंफार होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण इतकं? इतकं कोणालाच माहीत नाही. म्हणजे नमुने बाटलेलेच नाहीत, बर्फच बोलतोय! परीक्षकांच्या नाकावर टिच्चून छापून आणीन. आनंदाने हात इतके थरथरत होते की कांडी निसटून फुटली. नंतर खंदकात जाऊन ओकले. उपाशीपोटी फार कॉफी झाली.

प्रेबेनला सांगितलं. म्हणाला, "घाई करू नकोस. एवढ्यात कोणाला कळवू नकोस."

"का? तुला पटत नाही?"

"थोडे दिवस जाऊ देत. एवढंच मागतोय."

तीस वर्षं मागे पडलेल्या माणसाला दुसऱ्याचा शोध झोंबतो, दुसरं काय. मनात आलं ते लिहिलं. लाज वाटतेय, पण खोडत नाही.

२२ जून

आज वडील पुन्हा दाराशी आले. जोडे खरवडले. मी उठून दार उघडायला गेले, तर प्रेबेन एकदम ओरडला, "उघडू नकोस!" आणि मग हळू आवाजात, "दार उघडलं की सगळं विस्कटतं. गार हवा आली की जातात."

"कोण जातात?"

त्याने उलट विचारलं, "तुझं कोण येतं?"

मी सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं. तो हसला नाही.

"माझी एबा येते," तो म्हणाला. "आधी नुसती शीळ वाजवायची, भांडी घासताना वाजवायची तशी. आता बसते. तिथे, पेटीवर. बोलत नाही. अजून बोललेली नाही. मला वाटतं, थोडे दिवस गेले की बोलेल."

"आपण दोघं वेडे झालोय, प्रेबेन."

"असू दे की. कोणाचं काय बिघडतंय?"

पेटीवर कोणी नव्हतं. तरी तिच्याकडे पाठ करून बसायचा मला धीर झाला नाही. बोडिलला सांगायला हवं. पण सांगितलं तर आम्ही दोघंही विमानात, आणि माझा शोध इथेच, बर्फात पुरलेला. शनिवारपर्यंत थांबते.

२३ जून

सांक्त हान्सची होळी, आमच्याकडचा ऐन उन्हाळ्यातला सण. रिकाम्या खोक्यांचा ढीग, वर जुन्या डगल्याची चेटकीण, आणि लख्ख उन्हात जाळ. गाणी म्हटली. अख्खी संध्याकाळ उघड्यावर होते आणि डोकं कसं स्वच्छ झालं! दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. मला माणसांची गरज होती, एवढंच असणार.

प्रेबेन आला नाही. अक्कालुक बोलवायला गेला, तर म्हणाला, खाली काम आहे. आज तर यंत्र बंद होतं.

२५ जून

आजचं सगळं लिहून काढते.

शोध पक्का करायचा म्हणून सकाळी नळी तपासायला घेतली. तबकडीकडचं टोक सोडवलं आणि तसंच लोंबकळत ठेवून पाना शोधायला वळले. यंत्र चालूच होतं. म्हणजे आता बर्फातली नव्हे, खोलीतलीच हवा ओढत होतं. आकडा खाली यायला हवा होता, सव्वाशेवर. मी वळून बघते तर हजार. मग पाच हजार. मग वीस हजार. मग आकडा गेला आणि पडद्यावर नुसती रेघ आली. यंत्राच्या कुवतीपलीकडे असलं की ती येते.

मी यंत्रालाच दोष दिला. मोजलेल्या गॅसची टाकी आहे, तिची नळी लावली. यंत्र बरोबर बोललं. पुन्हा टोक हवेत सोडलं. रेघ.

मग मी शेगडीकडे पाहिलं. तिची ज्योत निळी नव्हती, पिवळी होती, आळसावलेली. मग मी ठोकलेल्या नमद्याकडे पाहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या हवेत मी जे शोधत होते ते माझ्या नाकात जात होतं. बाहेरची हवा नमुन्यात शिरू नये म्हणून मीच झडप बुजवली, शेगडीला श्वास पुरेना, आणि ती आम्हाला रोज थोडं थोडं मारत होती. आकडा ओरडून सांगत होता. पण आकडा आला की तो बर्फाचाच, असं धरून चालायची आम्हाला सवय. आपल्याबद्दलही असू शकतो, हे मनाला शिवलंच नाही.

नमदा उपटला, दार उघडलं, प्रेबेनला बाहीला धरून ओढलं. "गॅस! प्रेबेन, ऊठ, खोलीत गॅस आहे!" तो दचकला नाही. पेटीकडे बघत म्हणाला, "अजून थोडा वेळ." त्याचं डोकं गॅसने मंदावलं असेल. मी त्याला फरफटत बाहेर काढलं.

२६ जून

बोडिलने रक्त काढलं आणि आम्हाला दोघांना तासभर ऑक्सिजनचा मास्क लावून बसवलं. तिच्या बोटाच्या चिमट्याला हा गॅस ओळखता येत नाही म्हणे, तो त्यालाही ऑक्सिजनच समजतो. ती स्वतःवरच इतकी चिडली होती की मला रागवायचं विसरली. मी लाकडी जोड्यांचं सांगून टाकलं. "होतं असं," म्हणाली. "मेंदूला हवा कमी पडली की तो घरच्यांना बोलावतो."

म्हणजे मी वेडी नाही. सुटले. पण वडील म्हणजे नुसती भुकेली शेगडी होती, हे ऐकायला मी काही एवढी उत्सुक नव्हते.

शेगडी विझवली. विजेचा हीटर पुढच्या विमानाने येणार आहे. दोन दिवस कोणी खाली जायचं नाही.

प्रेबेन हे सगळं ऐकत बसला होता. मग खिशातून अलार्मचा सेल काढून त्याने बोडिलच्या टेबलावर ठेवला. "चांगला आहे," म्हणाला. "मी तेव्हाच तपासला होता." आणि उठून गेला.

बोडिलला कळलं नाही. मलाही तंबूत आडवी झाल्यावर कळलं. ताडकन उठले आणि त्याच्या तंबूत जाऊन पाहिलं. घोरत होता. उद्या बोलू म्हणून परत आले.

२७ जून

उद्या बोलू म्हणाले होते.

नाश्त्याला प्रेबेन नव्हता. तंबूतही नव्हता. मी काही न बोलता खंदकाकडे धावत सुटले, अक्कालुक मागून. दार आतून लावलेलं. अक्कालुकने लाथ घालून तोडलं. शेगडी पेटलेली. झडपेत त्याचा स्वतःचा जाड कोट कोंबलेला. आणि प्रेबेन टाय लावून स्टुलावर, भिंतीला टेकून, गाल लहान मुलासारखे गुलाबी. टेबलावर दोन मग. आज त्याने माझा काढला नव्हता.

दोघांनी ओढत वर आणला. बोडिल ऑक्सिजनची टाकी घेऊन धावत आली. बर्फावर, वाऱ्यात, त्याच्या तोंडावर मास्क लावला, की तो ओरबाडून काढायचा. अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. डोळे उघडे, पण बघत नव्हते. "एबा," म्हणायचा. "एबा, यांना सांग ना. यांना जायला सांग." पुन्हा मास्क, पुन्हा ओरबाडणं. ओठ पांढरे पडायला लागले.

बोडिल ओरडली, "सिग्ने, काहीही कर, पण हा मास्क राहू दे!"

मी त्याचे दोन्ही हात धरले. आवाज बदलला नाही, माझाच आवाज होता. म्हटलं, "प्रेबेन, मास्क लाव. मी इथेच आहे. कुठेही जात नाहीये."

तो एकदम शांत झाला. ओरबाडायचा थांबला. मास्कच्या आतून त्याने विचारलं, "रागावली नाहीस ना?"

कशाबद्दल ते मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. "नाही," मी म्हटलं. "मुळीच नाही. श्वास घे."

त्याने घेतला. मग घेतच राहिला. मी हात सोडला नाही आणि रडत होते, ते वाऱ्यामुळे कोणाला ऐकू गेलं नसेल.

३० जून

विमान आलं. दोन दिवस धुकं होतं म्हणून अडकलं होतं.

बोडिलने सकाळी मला बाजूला घेतलं. "त्याला कोणीतरी सांगायला हवं की त्या दिवशी बोलणारी तू होतीस. घरी जाऊन हेच डोक्यात घेऊन बसला तर?" मला पटलं. आकडा चुकीचा आहे हे माहीत असून तो तसाच राहू देणं, हे मला जमत नाही. वाक्य ठरवून गेले.

प्रेबेन सामानावर बसून लिकोरिसची काळी गोळी चघळत होता. दाढी केलेली. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा मोकळा मी पाहिला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला.

"बस. तुला एक सांगायचंय. खाली ती यायची ते गॅसमुळे. मान्य. आकडे मलाही वाचता येतात. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि तूही त्याच खोलीत होतीस. तेवढं मला माफ करू नकोस. पण परवाचं वेगळं. परवा आपण उघड्यावर होतो, सिग्ने. वारा होता. नाकाला शुद्ध ऑक्सिजन होता. आणि ती बोलली. खाली इतके दिवस एक शब्द नाही, आणि वर आल्यावर बोलली. म्हणजे तो गॅस नव्हता."

मी त्याच्या शेजारी सामानावर बसले.

"आता शेगडीची गरज नाही," तो म्हणाला. "घरी जातो. पोरींना बोलावतो. खिडक्या उघड्या ठेवून बसेन."

पायलटने हाक मारली. प्रेबेन उठला, पिशवी खांद्याला लावली, आणि पुन्हा वळला.

"तू तिथेच होतीस ना? ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस? माझं सांगत नाही. आधी तुझं सांग."

आमची मोजायची पद्धतच आहे ती. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकाने दुसऱ्याला आधी सांगायचं नाही, मग पडताळून पाहायचं. ही मला त्यानेच शिकवली.

ठरवलेलं वाक्य तोंडात होतं. ते गिळलं.

"म्हणाली, मी इथेच आहे. कुठेही जात नाहीये. आणि रागावलेली नव्हती."

प्रेबेनने डोळे मिटून मनातल्या मनात ताडून पाहिलं.

"जुळलं," तो म्हणाला, आणि विमानाकडे चालू लागला.